पुढील पान उघडणार नाही

वामनराव पांढरीपांडे यांच्या नावापुढे कधीकाळी 'फक्त प्रौढांसाठी' अशी तांबडी पाटी लागेल, असं कोणी म्हटलं असतं तर सगळ्या दारव्ह्यानं त्याला वेड्यात काढलं असतं. ज्या माणसानं उभ्या नोकरीत साहेबाकडे मान वर करून पाहिलं नाही, जो बाजारात वांग्याचा भाव विचारतानासुद्धा वांग्याची माफी मागितल्यासारखा उभा राहतो, लग्नाच्या पंगतीत वरण मागायची लाज वाटते म्हणून जो कोरडा भात गिळून उठतो, त्याचा आणि प्रौढपणाचा संबंध फक्त पेन्शनपुरता होता. पण पाटी लागली. आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं, चष्मा पुसून, पूर्ण विचार करून लावून घेतली.

सुरुवात झाली अब्दुल गनीच्या दुकानात. गनीभाईंचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं आणि धावजीच्या तांड्याला लागून चार एकर वावर. वामनराव रोज संध्याकाळी तिथे चहाला जात. गनीभाई बोलायचे थांबत नसत आणि वामनराव बोलायला सुरुवात करत नसत, त्यामुळे दोघांची मैत्री वर्षानुवर्षं एकही भांडण न होता टिकली होती. त्या संध्याकाळी मात्र गनीभाईंनी हातातला पाना खाली ठेवला.

"बडेबाबू, मागल्या साली बोंड फोडलं का आत अळी बसून! माह्यापेक्षा आरामात. घरात आला तो सारा कवडी." कवडी म्हणजे अळीनं खाल्लेला, डागाळलेला कापूस, ज्याला व्यापारी हातसुद्धा लावत नाही. "यंदाबी असंच झालं तं वावर देतो ठेक्यानं, दुकानाले लावतो कुलूप अन् जातो अब्रारकडे नागपूरले. पोरगं कवाचं बलावून राह्यलं. घरी जोहराबीनं तं पेटीबी झटकून ठेवली."

वामनरावांना ठसका लागला. गनीभाई गेले तर आपण गप्प कोणाजवळ बसायचं, हा प्रश्न त्यांच्यासमोर एकदम उभा राहिला. घरी गप्प बसता येत असे, पण रजनीताई त्याचा अर्थ काढत.

संकटात सापडलेला सज्जन माणूस देव तरी आठवतो किंवा पुस्तक तरी उघडतो. वामनरावांनी बोंडअळीवरची सरकारी पुस्तिका उघडली आणि मुखपृष्ठापासून मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत वाचून काढली. तिच्यात उपाय होता. कामगंध सापळा. प्लॅस्टिकचं नरसाळं, त्याखाली पिशवी, आणि वर मादी पतंगाचा वास लावलेली रबरी गोळी. वासानं नर येतात, पिशवीत पडतात. रोज सकाळी ते मोजायचे. आकडा चढला की समजायचं, अळी येते आहे. फवारणी आता करायची, बोंडात शिरल्यावर नाही. मात्र एकट्यानं सापळा लावून फायदा नाही, सगळ्या शिवारानं मोजलं पाहिजे. पतंगाला धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, कळत नाही.

गनीभाईंनी शेजारच्या वावरातल्या धावजीला हे सांगून पाहिलं. धावजी म्हणाला, "मी कायले मोजू? ते काय माह्ये पाहुणे हाय का?"

कपाशीच्या कठीण काळातली ही गोष्ट. तेव्हा अळी आली की बैठक होई आणि बैठक झाली की ॲप निघे. ते उघडलं की आधी पाच-सहा हसरे चेहरे दिसत, मग एक चक्र फिरू लागे, आणि त्या चक्राकडे बघता बघता हंगाम निघून जाई. वामनरावांना वाटलं, चेहरे नसलेलं आणि चक्र थांबणारं एक ॲप आपण करावं. इतका धाडसी विचार आपल्या डोक्यात कसा आला, म्हणून ते जरा वेळ कपाळाला हात लावून ताप बघत बसले.

पुण्याला कंप्यूटरच्या कंपनीत असलेला पुतण्या सलील फोनवर म्हणाला, "काका, हल्ली ॲप कोणी लिहीत नाही. जोडतात. तयार तुकडे फुकट मिळतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. हव्या त्या उचलायच्या."

हे ऐकायला सोपं होतं. वामनरावांनी एका बटणासाठी एक लायब्ररी आणली. ती म्हणाली, माझ्याबरोबर रंगांची लायब्ररी पाहिजे. रंगांची म्हणाली, मी माझ्या थोरल्या बहिणीशिवाय येत नाही, आणि बहीणही मागल्या वर्षीची हवी, यंदाची चालणार नाही. घरच्या लग्नात एका व्याह्याला अगत्यानं बोलवावं आणि त्यानं मेहुणा, मेहुण्याची सासू, सासूची डायलिसिसची मैत्रीण असं वऱ्हाड घेऊन दारात उभं राहावं, तसं झालं. बटण एक, आणि पंगतीला बसायला सव्वाशे मंडळी. त्यातल्या एकीचा कर्ता 'आता मी मेंढ्या पाळतो, मला विचारू नका' अशी चिठ्ठी ठेवून केव्हाच निघून गेला होता.

त्यात वामनराव पडले जन्मजात कारकून. प्रत्येक लायब्ररीखाली 'मी या अटी वाचल्या आहेत' असं लिहिलेलं असे. वामनराव तिथे खूण करण्याआधी त्या खरोखर वाचत. इंग्रजी कोश मांडीवर घेऊन.

"काका, ते वाचायचं नसतं!" सलील ओरडला.

"मग लिहितात कशासाठी?"

सलीलनं फोन दुसऱ्या कानाला लावला. नोकरीत हा प्रश्न त्याला अजून कोणी विचारला नव्हता.

महिनाभरात ॲपला आकार आला. पहिल्या पानावर सापळ्याचा फोटो आणि पतंगांचा आकडा टाकायचा. वामनरावांनी नोकरीभर रिकाम्या रकान्याचा तिरस्कार केला होता, त्यामुळे तिथे त्यांनी ठळक लिहिलं: 'आजचा आकडा भरल्याशिवाय पुढील पान उघडणार नाही.' पुढल्या पानावर फवारणी कोणती, किती, केव्हा, ही माहिती. शिवारातले आकडे चढले की सर्वांना सूचना जाणार. सूचनेच्या आवाजाची जी लायब्ररी फुकट मिळाली तिच्यात तीनच आवाज होते: रुग्णवाहिका, रडणारं बाळ आणि शिट्टी. वामनरावांनी सौम्य म्हणून शिट्टी घेतली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सूचना मोठ्यानं वाचून दाखवणारी आणखी एक लायब्ररी जोडली. तिच्यात आवाज फक्त एका बाईचा होता, आणि ती बाई कपाशीवरही जरा लाडिक बोले.

शेजारचे रामराव बँकेतून निवृत्त झालेले आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी कुंपणावरून सल्ला दिला. "वामनराव, त्यात राशिभविष्य टाका. नुसते पतंग कोण बघून राहिलं? आणि नाव बदला. नावात 'मित्र' पाहिजे. मित्र असल्याशिवाय कोणी ॲप घेत नाही."

"पुस्तिकेत 'कामगंध सापळा' असंच दिलं आहे," वामनराव कुंपणाच्या तारेला म्हणाले.

रजनीताई ओट्यावरून म्हणाल्या, "अहो, त्यात चतुर्थीची आठवण बसते का बघा. तेवढाच घरच्यांना उपयोग."

मग सरकारी आशीर्वाद घ्यावा म्हणून वामनराव एका कार्यालयात गेले. कोणतं ते सांगण्यात अर्थ नाही. सगळीकडे पंखा तोच फिरतो. तिथले साहेब म्हणाले, "छान उपक्रम. ॲपच्या तीन प्रती सादर करा. साक्षांकित."

दुसऱ्या कुणाला यात वावगं वाटलं असतं. वामनरावांना वाटलं, रास्तच आहे. त्यांनी प्रत्येक पानाचा फोटो काढून छापून घेतला, खाली 'मुळाबरहुकूम खरी नक्कल' लिहून सही केली आणि तीन संच नेऊन दिले. आठवड्यानं ते परत आले. तपासणाऱ्यानं कागदावरचं बटण दाबून पाहिलं असावं, कारण तिथे अंगठ्याचा डाग होता आणि बाजूला शेरा: 'चालत नाही.'

वामनरावांनी मग एकट्यानंच ॲप फोनवरच्या दुकानात ठेवायचं ठरवलं. तिथल्या दारावर मात्र एक प्रश्नपत्रिका होती. आपलं ॲप कोणत्या वयाला योग्य ते ठरवायला काही प्रश्न. उत्तर होय किंवा नाही. जगातला कोणताही माणूस इथे डोळे मिटून 'नाही, नाही, नाही' करत खाली जातो. वामनरावांनी रजनीताईंना चहा ठेवायला सांगितला आणि बैठक मारली.

'आपल्या ॲपमध्ये लैंगिक आकर्षणाचा विषय आहे काय?' वामनरावांचे कान लाल झाले. पण नर मादीच्या वासानं येतो, याच एका गोष्टीवर तो सापळा उभा होता. होय.

'जिवंत प्राण्यांचे मृत्यू दाखवले आहेत काय?' पिशवीत रोज मुडदे मोजायचे. होय.

'विषारी द्रव्यांचा वापर सुचवला आहे काय?' होय. मात्रेसह.

'बघणाऱ्याला भीती वाटेल अशी चित्रे आहेत काय?' उघडलेल्या बोंडात बसलेल्या अळीचा फोटो होता. तो बघून गनीभाईंसारखा माणूस त्या रात्री जेवला नव्हता. होय.

'जुगार?' इथे वामनराव बराच वेळ थांबले. कोरडवाहू कपाशी, पाऊस आला तर आला, भाव लागला तर लागला. प्रामाणिक उत्तर काय द्यावं? तेवढ्यात रजनीताईंनी चहा झाल्याची हाक मारली आणि त्यांनी जड अंतःकरणानं 'नाही' केलं. पुढे सगळं घडलं तेव्हा त्यांना वाटत राहिलं की आपण त्या एका ठिकाणी खोटं लिहिलं, त्याचंच हे फळ.

दुसऱ्या दिवशी ॲप दुकानात लागलं. काळ्या चौकोनात गुलाबी पतंग, खाली नाव 'कामगंध', कारण पुढचा 'सापळा' त्या जागेत मावला नाही, आणि त्याखाली तांबड्यात: फक्त प्रौढांसाठी. निर्माता, वामन पांढरीपांडे, दारव्हा.

रामरावांनी ते पाहिलं. ते दुकानात त्या वेळी काय शोधत होते, हे कोणी विचारलं नाही.

"वामनराव," ते कुंपणावरून म्हणाले, "वय काय हो आपलं?"

"एकोणसत्तर."

"हं," म्हणून रामराव आत गेले, आणि त्या 'हं'चा दुपारपर्यंत बसस्टँडपलीकडे प्रसार झाला. फिरणाऱ्या मंडळानं रस्ता बदलला. वाचनालयात वामनराव शिरले की लोक वर्तमानपत्रं उंच धरून वाचू लागले. एक ओळखीचा गृहस्थ खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "काय लपून होते बाप्पा तुम्ही!" आणि त्याच्या आवाजात वामनरावांना आयुष्यात प्रथमच आदर ऐकू आला, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

रजनीताई भिशीहून आल्या त्या पर्स आपटूनच.

"चाळीस वर्षांत मले एक गजरा आणला नाही!" त्या अशा चिडल्या की माहेरची बोली बाहेर येई. "अन् म्हातारपणी कामगंध! बायका मले विचारून राहिल्या, वहिनी, तब्येत बरी आहे ना म्हणून!"

"अगं, ते पतंगांचं आहे."

"हे त्यांना काय मी समजावून सांगू? कोणत्या शब्दांत?"

वामनरावांनी शब्द शोधून पाहिले. घरात बोलता येतील असे सापडले नाहीत.

ते चार दिवस चहाला गेले नाहीत. पाचव्या दिवशी गनीभाईच घरी आले, आणि जोडे काढायच्या आतच बोलू लागले. "बडेबाबू, तुम्ही काय जादू केली? कृषी केंद्रात सापळे खतम! धावजी पहाटेच टॉर्च घेऊन वावरात पतंग मोजून राह्यला. त्याचा भाऊ मोजून राह्यला. साऱ्या तांड्यानं सापळे लावले!"

"का?"

गनीभाईंनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला. "ते म्हंतात, खरा माल पुढच्या पानावर हाय. आकडा भरल्याबिगर उघडत नाही."

"पण पुढल्या पानावर निंबोळी अर्क आहे!"

"ते बी पाह्यलं त्याहीनं. म्हंतात, हे पोलिसाले दाखवाले ठेवलं. रोजच्या रोज आकडे भरत राह्यलं का मंग त्याच्या पुढचं पान उघडते. मी खूप समजावलं. तं धावजी मले म्हंते, चाचा, तुमाले उघडलं वाटते!"

वामनराव डोकं धरून बसले. फोनमध्ये आकडे धो धो येत होते. फोटोशिवाय आकडा घेतला जात नव्हता, त्यामुळे सगळे खरे. ज्यांचं शेत नव्हतं त्यांनी गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ सापळे टांगले होते. कुठल्याही साहेबाला, पुस्तिकेला, हसऱ्या चेहऱ्याला जे जमलं नव्हतं ते झालं होतं. आणि ते वामनरावांच्या चारित्र्याच्या बळावर झालं होतं. म्हणजे ते चारित्र्य गेल्यामुळे.

त्याच आठवड्यात रामरावांकडे सत्यनारायण होता. "जायचं," रजनीताई म्हणाल्या. "नाही गेलो तर लोकांना खरं वाटेल." वामनराव चपलांच्या ढिगाजवळ बसले. गनीभाई, धावजी, आळीतले सगळे अंगणात होते. पोथी संपली. आरतीपूर्वी रामरावांनी दोन शब्द बोलायला घसा साफ केला. आरती वाजवायला त्यांचा फोन कोपऱ्यातल्या मोठ्या स्पीकरला जोडून ठेवला होता.

"आपली संस्कृती," रामराव म्हणाले, "संयमाची आहे. पण आजकाल काही वयस्कर, सुशिक्षित म्हणवणारी माणसंसुद्धा..."

कुणाच्या तरी खिशात शिट्टी वाजली.

मग दुसऱ्या खिशात. मग ओळीनं, सोवळ्यात, सदऱ्यात, पिशवीत, फिरणाऱ्या मंडळाच्या अख्ख्या रांगेत. प्रत्येक जण दुसऱ्याकडे रागानं बघत स्वतःचा खिसा दाबू लागला. शेवटची शिट्टी स्पीकरमधून आली, रामरावांच्या फोनची, भिंती हादरतील अशी. पाठोपाठ ती बाई सगळ्या घरादाराला ऐकू जाईल अशा लाडिक आवाजात म्हणाली:

"आपल्या परिसरात नरांची संख्या धोक्याच्या पातळीवर गेली आहे. कृपया तातडीने उपाययोजना करावी."

भटजींच्या हातातली घंटी तशीच राहिली. रामरावांच्या पत्नीनं रामरावांकडे पाहिलं. आणि त्या शांततेत, ज्या माणसाचा आवाज आळीनं कधी ऐकला नव्हता तो चपलांच्या ढिगातून ताडकन उभा राहिला.

"गनीभाई! फवारा! उद्याच! धावजी, तुम्हीसुद्धा! सगळ्यांनी एकाच दिवशी!"

गनीभाई प्रसादासाठी धरलेला रिकामा द्रोण हातात घेऊनच धावले. त्यांच्यामागे धावजी, आणि त्याच्यामागे ज्यांना वावर होतं ते सगळे. ज्यांना नव्हतं तेही गेले, कारण तिथे बसून बायकांच्या नजरेला नजर देण्यापेक्षा ते बरं होतं.

पुढच्या आठवड्यात त्याच कार्यालयातून फोन आला. आता आवाजात साखर होती. ॲपला फार प्रतिसाद आहे असं वर कळलं आहे, विभाग ते स्वीकारील, आपला शाल देऊन सत्कारही होईल. फक्त ती पाटी तेवढी काढून टाका.

"सोपं आहे, काका," सलील म्हणाला. "प्रश्न परत उघडायचे आणि सगळीकडे 'नाही' करायचं. पाटी गेली."

वामनरावांनी प्रश्न उघडले. शालीचा विचार आला. रजनीताई भिशीला पुन्हा ताठ मानेनं जातील हाही आला. त्यांनी पहिला प्रश्न वाचला, बोट 'नाही'वर नेलं आणि थांबले. पतंग काय तिथे कीर्तनाला येत होते? आणि पाटी गेली की तांड्यावरचा शेवटचा माणूस सापळ्याकडे ढुंकून बघणार नव्हता, हेही त्यांना कळत होतं. कपाशी अजून फुटायची होती.

"काय करून राहिले?" रजनीताई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी प्रश्न वाचला. चष्मा लावून परत वाचला. मग म्हणाल्या, "जे खरं आहे ते राहू द्या. आता भिशीतल्या बायका माझ्याशी नीट बोलून राहिल्या. त्यांच्या नवऱ्यांच्या खिशात पण वाजली ना शिट्टी."

वामनरावांनी सगळे 'होय' होते तिथेच ठेवले. जुगारापुढचा 'नाही' मात्र खोडून 'होय' केला आणि त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

वेचणी सुरू झाली तेव्हा गनीभाई रुमालात बांधून बोंडं घेऊन आले. बोलले काहीच नाहीत. हीच मोठी बातमी होती. वामनरावांनी बोंडं एकेक उघडून पाहिली. कापूस पांढरा, फुललेला. एका बोंडात डाग होता, तो गनीभाईंनी स्वतःच दाखवला.

"अब्रारले सांगतलं," शेवटी ते म्हणाले, "तूच ये सुट्टीत. जोहराबीनं पेटीत गोधड्या भरल्या." आणि मग त्यांना सुटलं, ते तासभर बोलत राहिले. वामनराव सुखानं गप्प बसले.

संक्रांत झाल्यावर धावजी आला. हातात फोन. दारातच अवघडून उभा राहिला.

"बाबूजी, सारा हंगाम आकडे भरले. एक दिवस खाडा नाही. वेचणीबी झाली. आता तरी ते पुढचं पान उघडा ना."

वामनरावांनी त्याच्या प्रामाणिक, आशाळभूत चेहऱ्याकडे पाहिलं. पुस्तिकेतलं शेवटचं प्रकरण त्यांना आठवलं. वेचणीनंतर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, शेतात उभी ठेवली तर अळी तिच्यात मुक्काम करते आणि पुढल्या वर्षी परत येते. आणि पऱ्हाटी वेळेवर उपटा म्हणून कितीही ओरडलं तरी कोणी उपटत नाही. ते आत गेले. कंप्यूटर उघडला. आयुष्यभर सरळ वागलेल्या माणसानं उठून खोलीचं दार लोटून घेतलं. मग त्यांनी नवं पान जोडलं आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'पऱ्हाटी उपटून शेत मोकळे केल्याचा फोटो टाकावा. त्याशिवाय पुढील पान उघडणार नाही.'

यात खोटं काही नव्हतं. पुढील पान नव्हतंच, तेव्हा ते उघडणार नव्हतं, हे सत्य होतं.

दोन दिवसांत तांड्याचं शिवार स्वच्छ झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी वामनराव फुलं तोडत असताना कुंपणापलीकडे खाकरल्याचा आवाज झाला. रामराव उभे होते. मागे-पुढे बघून त्यांनी फोन सदऱ्याखालून हळूच वर काढला.

"वामनराव, आमच्याकडे पऱ्हाटी नाही हो," ते अगदी हळू म्हणाले. "परसातला शेवगा उपटला तर चालेल का?"